बांबू झाड की गवत?

हा विषय आम्ही रेडिओवर दोन संध्याकाळी मांडला. नंतर कितीतरी जणींनी विचारले, की हे लिहून मिळेल का, बचत गटात वाचून दाखवायचे आहे. म्हणून दोन्ही भाग इथे एकत्र देतो आहोत. बोलताना जसे बोललो, तसेच ठेवले आहे.

पहिल्या दिवशी बोलायला बसण्याआधी आम्ही पाचजणींनी एक खेळ केला. जिच्या तिच्या घरात बांबूच्या किती वस्तू आहेत ते मोजायचे. सूप, टोपली, कणगी, कोंबड्या झाकायचे डाले, परसातले कुंपण, कुडाची भिंत, छपराखालचे वासे, आजीची काठी. मोजता मोजता वीसच्या वर गेलो. मग एकीने हळूच विचारले, "हा सगळा बांबू आणला कुठून? विकत घेतला, की चोरून आणला?" सगळ्या गप्प. कारण खरे उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. पहाटे जायचे, राखा दिसला तर मोळी टाकून पळायचे, सापडले तर विळा-कुऱ्हाड जप्त. आमच्यातल्या दोघींच्या आईचे कोयते असे गेले, ते आजवर परत आले नाहीत.

आणि त्याच जंगलातून त्याच काळात ट्रकच्या ट्रक भरून बांबू कागद गिरणीकडे जात होता, रीतसर परवान्याने. जंगलाशेजारी राहणारी बाई दोन वासे आणते ती चोर, आणि लांबची गिरणी जंगल रिकामे करते ती परवानाधारक. हे कोणी बंदूक दाखवून केले नाही. हे कायद्याने झाले. पुढे त्यातले थोडे उलटले, तेही कायद्यानेच. ते कसे, हेच आज सांगायचे आहे.

आधी मालक कोण ते पाहू. इंग्रजांना रेल्वेच्या रुळांखाली घालायला आणि जहाजांसाठी लाकूड हवे होते. १८६५ साली त्यांनी पहिला जंगल कायदा केला, १८७८ साली तो कडक केला आणि १९२७ साली जो भारतीय वन अधिनियम आणला, तो अजूनही चालू आहे. या कायद्यांनी जंगलाचे भाग पाडले : राखीव, संरक्षित, आणि गावाला द्यायचे ग्रामवन. राखीव म्हणजे सरकारने राखलेले; तिथे परवानगीशिवाय पानही तोडायचे नाही. ग्रामवनाचे कलम कागदावर होते, पण ते वापरले फार क्वचित. म्हणजे जंगल सार्वजनिक झाले खरे, पण सार्वजनिक या शब्दात गाव बसले नाही. विदर्भात मालगुजारी गेल्यावर गावांचे निस्तार हक्क कागदावर लिहिले गेले. सरपण, कुंपणाची काटकी, चराई, घराला लागणारा बांबू. तुमच्या गावाचे निस्तार पत्रक असेल तर ते जपून ठेवा, त्याचे काम पुढे येणार आहे.

आता १९२७ च्या कायद्यातली एक छोटीशी जागा पाहा. अगदी सुरुवातीला, कलम २ मध्ये, कोणत्या शब्दाचा काय अर्थ घ्यायचा ते लिहिले आहे. तिथे म्हटले होते की झाड म्हणजे ताडमाड, बांबू, खुंट, झुडपे आणि वेत हेसुद्धा. शाळेतली मुलेही सांगतील की बांबू हे गवत आहे, भात-ज्वारीच्या कुळातले. पण कायद्याने त्याला झाड केले. झाड झाले की ते इमारती लाकडासारखे मोलाचे ठरले, आणि मोलाचे ठरले की ते खात्याचे. एका शब्दाने बुरडाच्या हातातला बांबू काढून घेतला. कायदा वाचायचा तर व्याख्येपासून, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. खरी मेख तिथेच मारलेली असते.

स्वातंत्र्य मिळाल्यावर हे बदलायला हवे होते. १९५२ चे वनधोरण आले, त्यात सांगितले की गावांनी आपली गरज राष्ट्रहिताच्या आड येऊ देऊ नये. राष्ट्रहित म्हणजे त्या काळी कारखाने, रेल्वे, संरक्षण. आम्हाला हे वाचताना हसू येते आणि रागही येतो. बाईची चूल राष्ट्रात धरलीच नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला कागद गिरणी उभी राहिली, तिला सरकारी जंगलातला बांबू अनेक वर्षे करारावर मिळत राहिला. शेजारच्या कर्नाटकात दांडेलीच्या गिरणीला तर सरकारने टनाला दीड रुपया भावाने बांबू दिला, असे जंगलाचे अभ्यासक माधव गाडगीळ यांनी लिहून ठेवले आहे. टनाला दीड रुपया! टोपल्या विणणारे बुरूड मात्र बाजारात त्याच्या कितीतरी पट पैसे मोजत होते.

गाडगीळांनी तिथे आणखी एक गोष्ट पाहिली, ती तुम्हाला लगेच पटेल. गिरणी म्हणायची, गाववाले आणि त्यांची गुरे बांबू संपवतात. त्यांनी रानात जाऊन पाहिले. काटेरी बांबूच्या बेटाला खाली काट्यांचे जाळे असते. गावकरी ते जाळे तसेच ठेवून वरून हवी तेवढी काठी काढायचे. गिरणीचे मजूर जास्त काठ्या निघाव्यात म्हणून बुडाचे काटे साफ करायचे. मग पावसाळ्यात कोवळे कोंब आले की ते उघडे पडत, गुरे आणि माकडे खाऊन टाकत. बेट पुन्हा भरेच ना. म्हणजे गुरे खात होती हे खरे, पण कुंपण कोणी मोडले?

महाराष्ट्रात १९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन झाले. देशात तेव्हा विचारच असा होता, की मिश्र जंगलातून पैसा कमी येतो, ते साफ तोडून सागासारखी एकाच जातीची झाडे लावावीत. आपल्याकडे त्याला कूप म्हणतात. कूप निघाला की आधी खुणा होतात, मग तोड, मग सागाच्या ओळी. नकाशावर ते जंगलच राहते, हिरव्या रंगाचे. पण मोह गेला, चारोळी गेली, बेहडा, आवळा, टेंभरे, रानभाज्या गेल्या. सागाच्या रानात दोन तास फिरून बाई काय घेऊन येईल? वाळलेली पाने. तीही पत्रावळीला उपयोगी पडत नाहीत.

इथे कोणी विचारेल, अहो, जंगल वाचवायचा कायदा आहे ना? आहे. १९८० चा वन संवर्धन अधिनियम. तो चांगल्या कामाचा आहे. खाण, धरण, रस्ता यांसाठी जंगलाची जमीन द्यायची तर केंद्राची मंजुरी लागते. पण जंगल तोडून पुन्हा जंगल लावले, तर ते वनेतर काम धरले जात नाही. खात्याच्या मंजूर कार्य आयोजनेत तोड लिहिली असेल तर ती कायदेशीर. १९८८ साली या कायद्यात भर घालून नैसर्गिक झाडे साफ तोडून लागवड करण्यालाही मंजुरीची अट घातली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये गोदावर्मन खटल्यात सांगितले की मंजूर कार्य आयोजनेशिवाय तोड करायची नाही. लगाम बसला. पण मंजुरी मागणारे सरकार, देणारे सरकार. गावाला विचारा, असे यात कुठेच नव्हते.

चिपकोची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. २६ मार्च १९७४, उत्तराखंडातले रैणी गाव. पुरुषांना नुकसानभरपाईचे कारण सांगून चमोलीला बोलावून घेतले होते. तोडीला माणसे आली तेव्हा गौरा देवी आणि बाकी मिळून सत्तावीस बाया आडव्या गेल्या. जंगल वाचले. पण पुढे काय झाले, ते सहसा सांगत नाहीत. ठेकेदार काढले आणि तोडीचे काम सरकारी महामंडळाला दिले. मग काही वर्षांनी उंच डोंगरांवर हिरव्या झाडांच्या तोडीला बंदी आली. बंदी चांगलीच. पण ती सरकारने घातलेली, सरकारनेच उठवायची. ज्या बायांनी जंगल वाचवले त्यांच्या नावाने त्यावर कसलाही हक्क लागला नाही. आम्हाला वाटते, मिठी मारून एक दिवस वाचतो. दुसऱ्या दिवसासाठी कागद लागतो.

तो कागद हळूहळू आला. १९८८ च्या नव्या वनधोरणाने आधीचे उलटे केले. जंगलावर पहिला अधिकार जंगलाजवळच्या लोकांच्या गरजांचा, आणि कारखान्यांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून पिकवून घ्यावा, सवलतीच्या भावात सरकारी जंगलातून नको, असे त्यात स्पष्ट म्हटले. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. ते मोडले म्हणून कोर्टात जाता येत नाही. १९९६ साली पेसा आला, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी देणारा. आपल्या राज्याने १९९७ साली त्यासाठी कायदा केला आणि यादीतून नेमके दोन जिन्नस बाहेर ठेवले : बांबू आणि तेंदूपान. ज्यात पैसा, तेच बाहेर! मोहाची टोळी, मध आणि डिंक गावाचे, बांबू खात्याचा. आम्ही रेडिओवर हे वाचले तेव्हा स्टुडिओतली तंत्रज्ञ मुलगीसुद्धा कपाळावर हात मारून हसली.

मग डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला. नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. या कायद्यात पुन्हा ती व्याख्येची जागा पाहा. गौण वनोपज म्हणजे काय, तर बांबू, वेत, झुडपे, खुंट, कोसा, मध, मेण, लाख, तेंदूपाने, औषधी वनस्पती, कंदमुळे. पहिलाच शब्द बांबू! १९२७ ने जे झाड केले ते २००६ ने गौण वनोपज केले, आणि त्यावर मालकी गावातल्या हक्कदारांची. शिवाय याच कायद्याच्या कलम ३ मध्ये गावाला आपल्या पारंपरिक सीमेतले सामूहिक वन राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. कलम ५ ग्रामसभेला अधिकार देते, की जंगल, वन्यप्राणी आणि जैवविविधतेला बाधा आणणारे काम थांबवण्याचा निर्णय घ्यावा. जंगल राखीव असो, संरक्षित असो, अभयारण्य असो, कायदा सगळ्याच वनजमिनीला लागू आहे.

हे लिहिलेले प्रत्यक्षात उतरते का, याची परीक्षा गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने घेतली. लहानसे गोंड आदिवासी गाव. तिथे निर्णय मतदानाने होत नाहीत, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलत राहतात. गावात अभ्यासगट होते. देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम करणारे मोहन हिराबाई हिरालाल यांनी कायदा, नियम, शासन निर्णय सगळे गावासोबत वाचले, पुन्हा पुन्हा वाचले. ऑगस्ट २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक.

हक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो. टीपी म्हणतो आपण. खाते टीपी देईना. कारण काय? तर १९२७ च्या कायद्याप्रमाणे बांबू हे झाड आहे! दोन कायदे समोरासमोर, आणि मध्ये बांबूची चळत. गाव हटले नाही. कोणता कायदा नंतरचा, कोणता हक्क देणारा, हे ते सांगत राहिले. शेवटी २१ मार्च २०११ ला तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून कळवले, की बांबू गौण वनोपज समजा आणि वाहतूक परवाना ग्रामसभेला देऊ द्या. २७ एप्रिल २०११ ला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिले. जे पुस्तक आजवर रेंज ऑफिसच्या कपाटात असायचे, ते गावात आले. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्राने नियमच सुधारले : परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती देईल, आणि गौण वनोपजावर कसलीही रॉयल्टी वा फी नाही. पुढे २०१७ च्या नोव्हेंबरात १९२७ च्या व्याख्येतून बांबू हा शब्दच काढून टाकला. तो बदल मुख्यतः शेतातल्या बांबूसाठी केला होता, पण शब्द गेला. नव्वद वर्षांनी बांबू पुन्हा गवत झाला.

आता कोणी म्हणेल, गावाच्या हातात आले तर गावही तोडूनच खाईल. हा प्रश्न आम्हालाही पडतो, तो उडवून लावण्यासारखा नाही. बांबू कसा तोडायचा ते ठरवावेच लागते. यंदाची आणि गेल्या वर्षीची काठी बेटात ठेवायची, तिसऱ्या वर्षापुढचीच घ्यायची. पावसाळ्यात, कोंब फुटताना हात लावायचा नाही. बुडाशी, पहिल्या पेराच्या वर तोडायचे. उंचावर तोडले की खुंट वाळतो आणि बेट गुंतते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने याहून पुढचे केले. तिथे २०१२ साली १००६ हेक्टरवर हक्क मिळाला. बांबू विकून गावाला रोजगार आहे. पण तेंदूपानाची तोड त्यांनी बंद केली. पानांसाठी फांद्या छाटतात, चांगला पाला यावा म्हणून रानाला आग लावतात, आणि टेंभरे खायला मिळत नाहीत, म्हणून. नगद पैसा समोर असताना नाही म्हणणे सोपे नाही. जंगलाचा काही भाग त्यांनी देवाच्या नावाने अजिबात न तोडण्यासाठी ठेवला आहे.

एक गोष्ट मात्र उघड सांगितली पाहिजे. साग, बिजा, येन ही मोठी झाडे गौण वनोपजात येत नाहीत. लाकूड अजून सरकारचेच. म्हणून कूप निघाला तर "हे आमचे लाकूड" असे म्हणता येणार नाही. पण "हे आमचे सामूहिक वन आहे, कलम ५ प्रमाणे ग्रामसभेने ठराव केला आहे" असे म्हणता येते. त्यासाठी आधी दावा मंजूर झालेला हवा, निदान दाखल तरी हवा. कुऱ्हाड पडल्यावर दावा लिहायला बसलो तर उशीर झालेला असतो.

दावा करायचा तो नमुना 'क' मध्ये. ग्रामपंचायतीच्या नव्हे, आपल्या गावाच्या किंवा टोल्याच्या ग्रामसभेने आधी वनहक्क समिती निवडायची. दहा ते पंधरा माणसे, त्यात किमान एक तृतीयांश बाया. दोन प्रकारचे पुरावे लागतात. निस्तार पत्रक, जुने नकाशे, गॅझेटियर चालतात. गावातल्या वृद्धांचे लिहून घेतलेले जबाब चालतात. देवस्थान, स्मशान, जुनी विहीर या खुणाही चालतात. मग सीमा चालून नकाशा करायचा, शेजारच्या गावांना बोलवायचे, ग्रामसभेचा ठराव घ्यायचा आणि दावा उपविभागीय समितीकडे द्यायचा. तिथून तो जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जातो. फेटाळायचा असेल तर कारण लेखी द्यावे लागते.

आणि ग्रामसभेत कोरम हवा. निम्मे सभासद, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. हे २०१२ च्या नियमात लिहिले आहे. आमच्याच गावात पहिली ग्रामसभा यावरून मोडली. पुरुष भरपूर आले होते, आम्ही नऊजणी. रोवणीचे दिवस होते. सभा सकाळी अकराला ठेवलेली, तेव्हा बाई चिखलात असते. सचिव म्हणाले, "घरी जाऊन सह्या घेऊन येतो." आम्ही नाही म्हटले. थोडे कडू झाले. एका पुतण्याने काकूला विचारले, "तुम्हाला जंगल हवे आहे की नियम?" काकू म्हणाल्या, "अरे, उद्या कोणी म्हटले सह्या खोट्या, तर दोन्ही जाईल." पुढची सभा रात्री आठला ठेवली, जेवणे आटोपल्यावर. एकशे चार बाया आल्या, लेकरे कडेवर घेऊन.

सरकारकडून दुसरेही काही समोर येते, ते नीट पारखून घ्या. २०१४ साली राज्याने ग्रामवनाचे नियम काढले. ऐकायला गोड आहे, पण तिथे व्यवस्थापन खाते सोपवते आणि खातेच काढून घेऊ शकते. वनहक्क कायद्याचा हक्क तसा काढून घेता येत नाही. २०१९ च्या मार्चमध्ये केंद्राने १९२७ चा कायदा बदलायचा मसुदा आणला. त्यात उत्पादन वने नावाचा नवा प्रकार होता, म्हणजे लाकडासाठीच राखलेले जंगल, आणि वन अधिकाऱ्यांना हत्यार वापरण्याची जादा मोकळीक. देशभरातून विरोध झाला, नोव्हेंबरात तो मागे घेतला. मागे घेतलेला मसुदा पुन्हा येऊ शकतो. तेव्हा पुन्हा व्याख्येचे पान आधी उघडायचे.

आमच्या सीमेची चाल तीन दिवस चालली. पुढे दोन म्हाताऱ्या होत्या, मागे नकाशाचे यंत्र धरलेला मुलगा. म्हाताऱ्यांना नाल्यांची, टेकड्यांची, एकेका मोहाची नावे पाठ होती. एका ठिकाणी मुलगा म्हणाला, नकाशात इथे काहीच नाही. म्हातारी तिथेच खाली बसली आणि म्हणाली, "इथे माझी जाव बाळंत झाली होती, सरपणाला आलो तेव्हा. लिही." त्याने लिहिले. ते जबाबात आहे.

दावा देऊन आता आठ महिने झाले. कार्यालयात दोनदा गेलो. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्यांदा फाईल सापडेना. आम्ही घाई केली आणि दाव्याची पोच घेतली नव्हती, ही आमची चूक. तुम्ही ती करू नका. प्रत्येक पानावर शिक्का आणि तारीख घ्या. येत्या सोमवारी दाव्याची दुसरी प्रत घेऊन सोळाजणी जाणार आहोत. भाकरी बांधून नेणार आहोत, म्हणजे जेवायच्या सुट्टीत उठून यायला नको. पोच मिळाली की त्याच संध्याकाळी सातच्या कार्यक्रमात सांगू.